खिचडी करपण्याच्या तारखा

करंजघोळच्या धनगरवाड्यावर अकरा घरं, एक बिरोबाचं देऊळ, चारशे मेंढरं आणि एक सरकारी शाळा. पहिली ते पाचवी, पट नऊ, खोली एक, शिक्षिका एक. शाळेला चिकटून पत्र्याची स्वयंपाकाची खोपी, आणि दोहोंच्या मधल्या भिंतीत हातभर खिडकी, ताटं आत द्यायला ठेवलेली. या खिडकीतून चौदा वर्षांत किती ताटं गेली ते शाळेच्या दप्तरात लिहिलेलं आहे. तिच्यातून उलट्या दिशेनं काय काय आलं, ते मात्र कुणीच लिहून ठेवलं नव्हतं.

ठकूबाई झोरे ही शाळेची स्वयंपाकीण. वय चोपन्न. खिचडी अशी करायची, की खालच्या गावचा पोस्टमन टपाल नसलं तरी दुपारी डोंगर चढून यायचा. पण महिन्यातून चार-पाचदा तीच खिचडी बुडाला लागायची, आणि लागायची म्हणजे अशी, की पातेलं घासायला विळा घ्यावा की पहार, यावर पोरांत वाद व्हावा.

"सरपण वलं हुतं, बाई," ठकूबाई सांगायची. पुढच्या खेपेला, "वारं फिरलं." त्याच्या पुढच्या खेपेला, "पातेलंच पातळ झालंय."

बाई म्हणजे सलमा मुजावर. चौदा वर्षं एकाच शाळेत राहिलेल्या, एकदाही बदली न मागितलेल्या. सरकारी नियम असा, की पोरांच्या आधी शिक्षकानं घास चाखावा आणि चव कशी होती ते 'चव नोंदवही'त लिहावं. बाकीच्या शाळांतून त्या वहीत बारा महिने 'चव उत्तम' असतं. मुजावर बाईंना खोटं लिहिता येत नसे. त्या लिहायच्या, 'आज खिचडी करपली.' आणि खाली सही करून तीच खिचडी निमूट खायच्या.

करपण्याचं खरं कारण एकच होतं, ते म्हणजे खिडकी.

ठकू सात वर्षांची असताना शाळा म्हणजे देवळाच्या ओसरीवर बसणारे एक गुरुजी. भाऊ पाटी घेऊन जायचा, ती मेंढरं घेऊन. ती मुद्दाम देवळाच्या अंगानं चारायची; पण मेंढरं का एका जागी थांबतात? आतली पोरं साताच्या पाढ्यात 'सात पंचे पस्तीस'ला यायची, तोवर कळप टेकाडाआड गेलेला असायचा. रोज तेच. एकदा तिनं भावाच्या पाटीवर 'ठ' काढला, तर बापानं दुसऱ्या दिवसापासून मेंढरं पलीकडच्या डोंगराला लावली. तेवढ्यावरून पोरीनं एक धडा घेतला: शिकताना सापडायचं नाही.

तेहेतीस वर्षं अशीच गेली. मग शाळेची इमारत झाली, खोपी झाली, नि ठकूबाई चुलीपाशी आली. पहिल्याच आठवड्यात खिडकीतून पोरांचा आवाज आला, "सात पंचे पस्तीस, सात सक बेचाळीस." ठकूबाईच्या हातातलं ओगराळं जागच्या जागी थांबलं. पस्तीसापुढचा डोंगर उतरून कुणीतरी तिच्या पदरात बेचाळीस टाकले होते. पहिली खिचडी त्या दिवशी करपली.

त्यानंतर तिनं काय काय घेतलं! बाराखडी, जोडाक्षरं, अपूर्णांक, चंद्राच्या कला, झाडाच्या पानांचा स्वयंपाक. मानधनाच्या कागदावर मात्र अंगठाच उठवायची, आणि उठवता उठवता कागद वरपासून खालपर्यंत वाचून काढायची. सकाळी खोपीत शिरण्याआधी ती शाळेच्या उंबऱ्याला हात लावून कपाळी न्यायची. लोक म्हणायचे, ठकूबाई भारी देवभोळी.

एकच गोष्ट तिच्या घशात अडली होती. पाचवीतल्या बिजलीला बाई निवासी शाळेच्या परीक्षेसाठी जादा शिकवायच्या. त्यात निघालं, सहाला अर्ध्यानं भागलं की बारा. ठकूबाई आठवडाभर अस्वस्थ. भाकरी वाटली की कमी होते. वाटल्यावर वाढणारी भाकरी तिनं जन्मात पाहिली नव्हती. त्या आठवड्यात खिचडी एकदाही करपली नाही.

दोन हजार एकेचाळीसच्या जून महिन्यात बाबर साहेब डोंगर चढून आले. हे केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या चौदा शाळांवर देखरेख करणारे. माणूस वाईट नव्हता, पण चौदा शाळा आणि एक गुडघा यांच्यामध्ये सापडलेला. मागून दोन तंत्रज्ञ भाकरीच्या डब्याएवढी एक पेटी घेऊन आले. वाडा देवळापुढं जमला.

आता ही पेटी कशासाठी, ते नीट ऐकायला हवं. राज्यानं शाळा वाड्यावाड्यावर नेल्या, पोरी वर्गात आणल्या, पोरांच्या पोटात घास घातला. हे काही थोडंथोडकं काम नव्हे. ज्यांनी ते केलं त्यांच्या पाया पडावं. पण पाचवीतल्या कितीकांना दुसरीचा धडा वाचता येत नव्हता. आणि कुठं येत नाही ते पाहायला परीक्षा घ्यावी, तर त्या दिवशी सगळ्यांना सगळं येत असे. दुसऱ्या दिवशी परत काही येत नसे. शहरातल्या शाळांना मागतील ते मिळे, आणि करंजघोळला काय हवं आहे हेच कुणाला कळत नसे.

मग पुण्याच्या एका प्रयोगशाळेत डॉ. शर्वरी कानडे यांनी ही पेटी केली. माणसाला एखादी गोष्ट एकाएकी उमगते, त्याच्या अगदी क्षणभर आधी उजव्या कानाच्या वरच्या भागात मेंदूतल्या पेशी एकदम, एका तालात उसळतात. पेशींमधून वीज वाहते, आणि वीज वाहिली की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र येतंच. हे क्षेत्र कवटीबाहेर येतं तेव्हा पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या पन्नास कोटी पटींनी क्षीण असतं. पेटीत रुबिडियम नावाच्या धातूची वाफ भरलेल्या बोरांएवढ्या काचेच्या कुप्या होत्या. त्यांतून लेसरचा किरण जायचा. बाहेर कुणाला काही उमगलं, की त्या क्षीण क्षेत्रानं वाफेतले अणू किंचित कलायचे आणि किरण थरथरायचा. एवढ्याशा थरथरीला शास्त्रज्ञांनी नाव दिलं 'झळक'. आणि बोटाचा ठसा जसा दुसऱ्यासारखा नसतो, तशी एकाची झळक दुसऱ्यासारखी नसते. म्हणून पेटीला खोलीत किती वेगळे मेंदू शिकताहेत ते मोजता यायचं. पण नाव, चेहरा, वय यांतलं काही ती नोंदवू शकत नव्हती. पोरांची टेहळणी नको, म्हणून डॉक्टरीणबाईंनी ती मुद्दामच आंधळी ठेवली होती.

"थोडक्यात," बाबर साहेब गुडघा चोळत म्हणाले, "पोराला कळलं की पेटीला कळतं."

"मेंढराचं कळंल काय?" सगळ्यांत म्हातारे धोंडूआबा विचारते झाले.

"मेंढराला काय उमगतंय, आबा?"

"बिबट्या आला की आमच्या आदी उमगतंय! तुमास्नी उमगतंय काय?"

हशा पिकला. साहेबांनी कागद काढला. नवा कायदा असा, की जिथं झळका कमी तिथं शिक्षक, पुस्तकं, औषधं जास्त. हे ऐकून मुजावर बाईंनी हात जोडले. पण खाली आणखी एक कलम होतं. सहा महिन्यांच्या मोजणीत शिकणारे मेंदू दहापेक्षा कमी भरले, तर शाळा बंद. पोरांनी अकरा किलोमीटरचा घाट उतरून समूह शाळेत जायचं.

"साहेब, आमची नऊच आहेत," बाई म्हणाल्या.

"सहा महिने आहेत, मॅडम. देशावर गेलेलं एखादं बिऱ्हाड परत येतंय का बघा."

तंत्रज्ञ पेटी लावायला गेले. खोलीत विजेचा पॉइंट एकच, खिडकीशेजारी, खोपीच्या भिंतीवर. तिथंच लावली. पेटीला चारी बाजूंनी चार मीटरचं कळत होतं. मध्ये भिंत आहे, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

जाता जाता साहेबांनी आणखी एक परिपत्रक दिलं, ठकूबाईच्या अंगठ्यासाठी. कुठंतरी पातेलं कलंडून पोरं भाजली होती, म्हणून: स्वयंपाक चालू असताना चुलीवरून लक्ष काढणाऱ्या महिलेस कामावरून कमी करावे.

"कळलं का, मावशी?" साहेब मोठ्यानं म्हणाले. निरक्षर माणसाला कमी ऐकू येतं, असं त्यांना वाटत असावं.

"व्हय की," ठकूबाई म्हणाली आणि परिपत्रकाच्या तिसऱ्या ओळीवर, जिथं 'कमी करावे' लिहिलं होतं, त्याच्या बरोबर खाली अंगठा उठवला.

पावसाळा सरला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कागद आला. मुजावर बाईंनी तो खिडकीपाशी उभं राहून वाचला आणि ठकूबाईला हाक मारली.

"ठकूमावशी, आपली शाळा तालुक्यात पहिली आलीय झळकांमध्ये! आणि शिकणारे मेंदू किती, सांगा?"

"किती?"

"दहा!"

ठकूबाईच्या हातातून डाळीचं माप सुटलं.

"मला वगळून हो! माझी झळक तंत्रज्ञांनी पहिल्याच दिवशी मला एकटीला बसवून बाजूला काढली होती. आणि दहावा मेंदू कसा, बघा. दर झळकेपुढं नुसती तारीख नि घड्याळाची वेळ, पण झळक ठळक. पोरांपेक्षा ठळक." बाईंचा चेहरा हळूहळू उतरला. "पण पोरं तर नऊच आहेत, मावशी."

बाईंच्या जागी दुसरं कुणी असतं, तर देवाचे आभार मानून गप्प बसलं असतं. बाईंनी त्याच दिवशी साहेबांना कळवलं, की मोजणीत चूक दिसते, आमच्याकडं नऊच मुलं आहेत. आणि इथंच सगळं फिसकटलं. चौदा शाळांचे साहेब. त्यांनी खोटे पट आयुष्यभर पाहिलेले. शाळा वाचवायला शेजारच्या वाडीतलं पोर आणून बसवणं ही तर जुनी रीत. आता बाई बिंग फुटायच्या आधी स्वतःच साळसूदपणे कळवताहेत, असं त्यांनी धरलं. उलट टपाली नोटीस आली: बनावट विद्यार्थी बसवून मोजणीत फेरफार केल्याचा संशय. नोव्हेंबरअखेर चौकशी. दोष सिद्ध झाल्यास निलंबन.

बाईंनी नोटीस घडी करून हजेरीत ठेवली. पोरांना काही कळू दिलं नाही. एवढंच म्हणाल्या, "आज गाणी म्हणू या." बाई गणिताच्या तासाला गाणी म्हणवतात, म्हणजे काहीतरी भयंकर झालंय, हे पहिलीतल्या पोरालाही कळलं.

ठकूबाईनं झाडताना हजेरीतली नोटीस वाचली, आणि मग आपल्या बुद्धीनं तोडगा काढला. खिडकीच बंद करायची. तिला पोतं लावलं, वर कानावर पदर घट्ट गुंडाळला, आणि महिनाभर पातेल्यावरून नजर हलवली नाही. दहावा मेंदू गेला की संशयही जाईल, असा तिचा हिशेब. खिचडी अशी उतरायची, की दाणा न् दाणा वेगळा.

"मावशी," बिजली ताट पुढं करत म्हणाली, "हल्ली तुझी खिचडी लई साळंवानी झालीया."

"म्हंजी ग कशी?"

"म्हंजी गुणाची हाय, पर मजा न्हाय!"

पुढचा कागद आला: मेंदू नऊ. शेजारी साहेबांच्या अक्षरात लाल शाईनं, 'नोटीस मिळताच दहावा मेंदू पसार. संशय दृढ.'

तो कागद बाईंच्या टेबलावर पडला होता. ताट ठेवायला गेलेल्या ठकूबाईनं तो उलटा वाचला. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की आपण विहिरीत पडलेल्याला दोर सोडायला गेलो नि विहिरीचं झाकण लावून आलो. मेंदू नऊ म्हणजे शाळा बंद. मेंदू पळाला म्हणजे बाई लबाड. आणि 'मीच तो मेंदू' म्हणावं, तर चुलीवरून लक्ष काढल्याचा कबुलीजबाब. खिडकी गेली, काम गेलं, आणि वाड्यावर हसू ते वेगळंच.

तिनं त्या दिवशी उंबऱ्याला दोनदा हात लावला.

चौकशीच्या दिवशी बाबर साहेबांबरोबर स्वतः डॉ. कानडे आल्या. बारीकशी, चष्मेवाली बाई. डोंगर चढताना साहेबांपेक्षा पुढं. दहाव्या मेंदूच्या झळका त्यांनी पुण्यात पाहिल्या होत्या, नि त्यांना राहवलं नव्हतं. नऊ पोरं भिंतीला टेकून बसली. सगळा वाडा दारात. खोपीत सहा तांबे खिचडी रटरटत होती.

"मुजावर मॅडम, सरळ सांगा," साहेब म्हणाले. "कुठलं पोर आणत होता?"

"कुठलंही नाही, साहेब."

"मग दहावा कोण? बिरोबा?"

"बिरोबाला कशापायी मदी घेताय?" दारातून धोंडूआबा.

"आबा, तुम्ही गप बसा. मॅडम, ह्या बघा तारखा. तीन जुलै, सकाळी अकरा दहा. नऊ जुलै. सोळा जुलै. एकवीस ऑगस्ट, एकाच तासात तीनदा! हे पोर त्या त्या दिवशी आलं कुठून आणि गेलं कुठं?"

बाईंनी मान वर केली. डोळे भरलेले, आवाज मात्र सरळ. "साहेब, चौदा वर्षांत मी एक खोटं अक्षर लिहिलेलं नाही. याहून जास्त मला काही सांगता येत नाही."

खोपीत भांडं वाजलं. मग दारातल्या माणसांना बाजूला सारत ठकूबाई आत आली. एका हातात ओगराळं, दुसऱ्या हातात चव नोंदवही.

"मावशी, पाणी नको आत्ता," साहेब म्हणाले.

ठकूबाईनं वही टेबलावर ठेवली, पान उलटलं, नि बोट ओळीवर टेकवलं. तिनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"तीन जुलै. आज खिचडी करपली. सही, स. मुजावर." पान उलटलं. "नऊ जुलै. खिचडी किंचित करपली. सोळा जुलै. खिचडीला बुडाचा वास. एकवीस ऑगस्ट. खिचडी खाण्यायोग्य नव्हती, तरी मुलांनी खाल्ली."

डॉ. कानडे हळूच उठल्या आणि आपला कागद वहीशेजारी धरून तारखा लावू लागल्या. एक, दोन, सात, अकरा. एकही चुकली नाही.

"तीन जुलैला बाई चंद्र का सरकतो ते सांगत हुत्या," ठकूबाई म्हणाली. "एकवीस ऑगस्टला अपूर्णांक. तीनदा उमगलं, म्हून तीनदा लागली. बाईंनी कुनाला आनलं न्हाई, सायेब. मीच हुते. खिडकीत."

"पण मावशी, तुम्हाला वाचता..." साहेब गडबडले. "पाठ केलं असेल. ते, ते शेरेबुक द्या इकडं." शेरेबुक म्हणजे भेटीला येणाऱ्या अधिकाऱ्यांनी शेरे लिहायची वही. त्यांनी मधलंच एक पान उघडून तिच्यापुढं धरलं. "हे वाचा."

ठकूबाईनं पाहिलं. जरा घुटमळली.

"वाचू?"

"वाचा, वाचा."

"'स्वयंपाकी महिला निरक्षर व मठ्ठ आहे, परंतु निरुपद्रवी.' खाली सही, ज्ञा. बा. बाबर."

दारात जी हास्याची लाट उसळली, तिच्यानं कौलांवरचा कावळा उडाला म्हणतात. साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"ही सई मी तवाच वाचली हुती, सायेब. पर म्हटलं, मानूस गुडघ्यानं तरासलेलं हाय."

साहेब खाली बसले. डॉ. कानडेंनी मात्र चष्मा पुसला. "मावशी, माझा विश्वास बसलाय. पण सरकारी कागदाला माझा विश्वास पुरत नाही. दहावी झळक तुमचीच, हे पेटीकडूनच वदवून घ्यायला हवं. आत्ता, माझ्यासमोर तुम्हाला काहीतरी नवं उमगलं पाहिजे. नाटक चालणार नाही. पेटीला नाटक कळत नाही. असं काही आहे का, की जे तुम्हाला अडलंय?"

ठकूबाईनं बाईंकडं पाहिलं. "सहाला अर्ध्यानं भागलं की बारा कसं?"

बाई फळ्याकडं धावल्या. "बघा मावशी, अर्धा उलटा करायचा, दोन होतात. मग सहा गुणिले दोन."

डॉक्टरीणबाईंच्या हातात पेटीला जोडलेला पडदा होता; त्यावर नऊ ठिपके मंद, दहाव्या जागी काळोख.

"उलटा का करायचा पर?" ठकूबाई म्हणाली. "भागायचं म्हंजी वाटायचं. वाटल्यावर कमी व्हाया पायजे."

बाईंनी चित्र काढलं. पुसलं. दुसरं काढलं. खडू मोडला. चौदा वर्षं शिकवत आलेल्या बाईंनी दुसरा खडू घेतला, तोही मोडला. कारण आता शाळा, नोकरी, नऊ पोरांचा घाट, सगळं या एका अर्ध्यावर येऊन टेकलं होतं. साहेबांनी घड्याळ पाहिलं. ठकूबाईच्या कपाळावर घाम. उमज ही काही हुकमानं येणारी चीज नव्हे.

तेवढ्यात बाईंची नजर तिच्या हातातल्या ओगराळ्यावर गेली.

"मावशी, पातेल्यात आज किती खिचडी आहे?"

"सा तांबं."

"आणि तुमचं ओगराळं केवढं?"

"अर्ध्या तांब्याचं."

"मग रोज किती वेळा ओगराळं घातलं की पातेलं रिकामं होतं?"

"बारांदा. नऊ पोरं, तुमी, मी आन त्यो पोस्ट..."

आणि ठकूबाई थांबली. नजर फळ्यातून, भिंतीतून, कुठंतरी पलीकडच्या डोंगराच्याही पलीकडं गेली.

"वाटायचं न्हाई," ती हळूच म्हणाली. "सायात अर्धं कितींदा बसतंय, ते बगायचं! मी रोज भागतच हुते की, बाई! चौदा वर्सं! रोज!"

पडद्यावर दहावा ठिपका असा भडकला, की डॉक्टरीणबाईंनी तो दूर धरला. त्या काही बोलणार, तोच पहिलीतल्या पोरानं नाक वर केलं. मग दुसरीतल्या तिघांनी. मग बिजली दोन्ही हात उंचावून किंचाळली:

"करपली!"

पुढचं सगळं वर्तमानपत्रांत येऊन गेलंच. डॉ. कानडेंनी पुण्याला जाऊन राज्यभरच्या पेट्यांच्या नोंदी उपसल्या. मोठ्या शाळांत असे जास्तीचे मेंदू गैरहजर पोरांच्या जागी खपून जात होते; करंजघोळची नऊच्या नऊ पोरं रोज हजर असायची, म्हणून इथं दहावा उघडा पडला. शोधलं तर कुठं शिपाई निघाला, कुठं पोराला सोडायला येऊन खिडकीखाली बसून राहणारी आई, कुठं आवारात गवंडीकाम करणारी बाई. एके ठिकाणी कुंपणाला बांधलेली म्हैस निघाली असं धोंडूआबा छातीवर हात ठेवून सांगतात. ती कुठल्या विषयात झळकली ते मात्र सांगत नाहीत. काचा बंद असलेल्या गारेगार, महागड्या शाळांत असा एकही मेंदू सापडला नाही. सापडले ते सगळे उघड्या खिडक्यांच्या सरकारी शाळांत. कित्येक हजार. राज्यानं वर्षानुवर्षं जेवढ्यांना शिकवलं असं वाटत होतं, त्याहून जास्त माणसांना ते शिकवत आलं होतं आणि त्याला ठाऊकच नव्हतं.

कायदा बदलायला दोन वर्षं गेली. पण डॉक्टरीणबाईंच्या अहवालावर मुजावर बाईंची नोटीस रद्द झाली, आणि शाळेच्या दाखल रजिस्टरात दहावं नाव चढलं. जन्मतारखेच्या रकान्यात बाईंनी लिहिलं, 'ज्या साली मोठी वीज पडली.' चुलीच्या नियमावरही वाट निघाली. गणिताचा तास जेवणानंतर ठेवला. एवढं साधं वेळापत्रक चौदा वर्षांत कुणाला सुचलं नव्हतं, कारण खिडकीत कुणी आहे हेच कुणाला दिसलं नव्हतं.

पण त्या चौकशीच्या दिवशीचं शेवटचं सांगायचं राहिलंच.

सगळे करपलेली खिचडी खायला बसले. साहेब, डॉक्टरीणबाई, पोस्टमन, सगळे. बाई ठकूबाईशेजारी बसल्या होत्या.

"मावशी, कितीदा वाटायचं, मी इथं भिंतीशी बोलतेय."

"भितीशीच बोलत हुता, बाई. पर भितीला कान हुते, आन कानाला मी." मग तिनं पदरानं तोंड पुसलं. "बाई, तुमी बदली मागितली असती, तर मी सातातच मेले असते."

बाईंना घास उतरेना. खिचडी कडू होती हे निमित्त बरं झालं.

भेटीला आलेल्या अधिकाऱ्यानं चव नोंदवहीत लिहायचा नियम. साहेबांनी आधी शेरेबुक मागवलं, आपला जुना शेरा स्वतःच्या हातानं खोडला, बाजूला सही केली. मग चव नोंदवहीत लिहिलं, 'खिचडी पूर्ण करपली. सर्वांनी आवडीने खाल्ली.' खाली एकेकानं सह्या केल्या. स्वयंपाकी महिलेच्या रकान्याशी वही आली, तेव्हा सवयीनं साहेबांनी शाईचं पॅड पुढं सरकवलं.

ठकूबाईनं ते परत त्यांच्याकडं सरकवलं आणि हात पुढं केला. साहेबांनी खिशातलं आपलं पेन काढून, टोपण उघडून, दोन्ही हातांनी तिच्या हातात दिलं.

तिनं 'ठ' काढला. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी पाटीवर काढला होता तेवढाच मोठा, तसाच गोल. बाहेर मेंढरं देवळाच्या अंगानं चरत होती. त्यांना कुणी कुठंही नेलं नाही. तिनं सावकाश पुढची अक्षरं घेतली.